प्रारंभदृश्य (मनोवैज्ञानिक थरारपट)

प्रारंभदृश्य : चित्रपटाच्या श्रेयनामावलीआधी, तिच्याबरोबर किंवा लगेच नंतर येणारे पहिले दृश्य. मनोवैज्ञानिक थरारपटात कथेची ओळख करून देण्यापेक्षा उत्कंठेचे बीज पेरणे हे त्याचे मुख्य काम असते.

‘बीज’, म्हणजे पुढे विस्तारणारे कथेचे मूळ, ही संज्ञा भरताच्या नाट्यशास्त्र या ग्रंथातली. त्या ग्रंथाचा काळ ढोबळमानाने इ. स. पू. 2 रे ते इ. स. 2 रे शतक यांदरम्यान मानतात. प्रारंभदृश्याचे नाते पूर्वरंगाशी, म्हणजे नाटकापूर्वीच्या वंदन-गायनादी उपचारांशी, जोडण्याचा मोह होतो. परंतु पूर्वरंग हा बव्हंशी विधी आहे. बीज पडते ते मुखसंधीत, म्हणजे नाट्यकथेच्या पहिल्या टप्प्यात, आणि साम्य शोधायचेच तर ते तेथे शोधणे अधिक सयुक्तिक.

मराठीपुरते पाहता 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने सादर केलेले सीता स्वयंवर हे पहिले नाटक समजले जाते. तंजावरच्या भोसले दरबारातील मराठी नाटके त्याहून जुनी असल्याने ‘पहिले’ हे विशेषण महाराष्ट्रातील रंगभूमीपुरतेच घ्यावे. कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींच्या, म्हणजे पौराणिक आख्याने नाट्यरूपात सादर करणाऱ्या फिरत्या मंडळींच्या, खेळांवरून भाव्यांना कल्पना सुचली, याबद्दल फारसा वाद नाही. त्यांच्या खेळात मंगलाचरण, विदूषकाची थट्टा, गणपती व सरस्वती यांचे आगमन झाल्यावर आख्यान सुरू होई. सूत्रधार पद्यातून प्रसंग आधीच गाऊन दाखवी आणि पात्रे तो मागाहून वठवीत. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही राक्षस ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकीत कधी येतो, याकडे प्रेक्षकांचे डोळे लागत.

यावरून, उत्कंठा म्हणजे माहिती दडवणे हे मत अपुरे ठरते. थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1962 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्युफो यांना दिलेल्या मुलाखतीतील दृष्टान्त प्रसिद्ध आहे : मेजाखालचा बाँब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, तो आहे हे प्रेक्षकाला आधी कळले तर पंधरा मिनिटांची उत्कंठा. ऑर्सन वेल्स यांच्या टच ऑफ ईव्हिल या चित्रपटाच्या (1958) आरंभी मोटारीत बाँब ठेवला जातो आणि कॅमेरा तीन मिनिटांहून अधिक काळ, एकही छेद (कट) न देता, रस्त्यारस्त्यांतून फिरतो. छेद नसल्याने प्रेक्षकाला सुटकेची फट मिळत नाही.

हीच मांडणी विनोदालाही चालते. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांच्या संशयकल्लोळ या नाटकात खरे काय ते प्रेक्षकाला ठाऊक असते, एकमेकांवर संशय घेणाऱ्या फाल्गुनराव-कृत्तिका या दांपत्याला नसते, आणि त्यातून हशा पिकतो.

मनोवैज्ञानिक थरारपटाचे वेगळेपण असे की त्यात धोका बाहेर असतो की पाहणाऱ्याच्या मनात, हेच प्रारंभी ठरू दिले जात नाही. हिचकॉक यांच्याच सायकोच्या (1960) आरंभी शहर, वार, तारीख व वेळ पडद्यावर नोंदल्यासारखी उमटते. मग कॅमेरा अर्ध्या बंद खिडकीतून चोरट्यासारखा आत शिरतो. नोंद कोरडी, नजर मात्र चोरटी. चौकटीबाहेरचा आवाज चित्राआधी ऐकवणे, पात्राचा चेहरा उशिरा दाखवणे, या इतर युक्त्याही रूढ आहेत.