डी ड्राइव्हला टाकलं म्हणजे बॅकअप झाला का?

लग्नसराईच्या तोंडावर एका डीटीपीवाल्या मित्राचा फोन आला. कॉम्प्युटर चालू होत नव्हता, आणि कॅबिनेटमधून ठरावीक अंतराने ‘टक्... टक्...’ असा आवाज येत होता. तो ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. हार्ड डिस्कचा हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, आपली जागा शोधत राहतो आणि त्याला ती सापडत नाही, तेव्हा बहुतेक वेळा असा आवाज येतो. मित्र मात्र निवांत होता. म्हणाला, “काळजी नाही रे, सगळ्या पत्रिकांचा बॅकअप डी ड्राइव्हला आहे.”

तो डी ड्राइव्ह त्याच डिस्कवर होता.

हा घोटाळा मी इतक्यांदा पाहिलाय की दर वेळी वाईट वाटतं, कारण माणसाने काळजी घेतलेली असते, फक्त चुकीच्या ठिकाणी. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आठवा. हळद, तिखट, मोहरी, जिरं, सगळ्यांच्या वाट्या वेगळ्या. हळद संपली तर तेवढीच वाटी घासून भरता येते. पण डबा हातातून निसटला तर सगळंच फरशीवर. एकाच डिस्कचे सी, डी असे जे भाग पाडलेले असतात, ती पार्टिशन म्हणजे त्या वाट्या. बॅकअप म्हणजे फडताळात वेगळ्या बरणीत ठेवलेली हळद.

वाट्यांचा उपयोग नाही असं नाही. विंडोज बिघडलं की सी फॉरमॅट करून नव्याने टाकता येतं, डीमधले फोटो आणि हिशेब जागेवर राहतात. मात्र डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर मुळात सीमध्येच असतात, हे बरेच जण विसरतात. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल सीबरोबरच जाते. डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या लोकेशनमध्ये डीवरचा पत्ता दिला की ही अडचण सुटते. नवीन मशीनवर मी हे काम पहिल्यांदा करतो.

पण डिस्क पडली, जळली, लॅपटॉपच चोरीला गेला, तर सी काय आणि डी काय. रॅन्समवेअरलाही, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसलाही, या हद्दी दिसत नाहीत. मे २०१७ मध्ये आलेल्या वॉनाक्रायने सीबरोबर बाकीच्या ड्राइव्हमधल्या, अगदी जोडून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कमधल्याही फाइली कुलूपबंद केल्या होत्या. म्हणून बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवायची, कायम लावून ठेवायची नाही. जाणकार ३-२-१ म्हणतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरगुती वापराला मी एवढं सांगतो की एक पोर्टेबल डिस्क घ्या आणि महत्त्वाचं तेवढं क्लाउडवरही ठेवा.

आपल्या कॉम्प्युटरमध्ये नक्की काय आहे ते दोन मिनिटांत कळतं. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली आडव्या पट्ट्या दिसतील. ‘डिस्क ०’ असं लिहिलेल्या एकाच पट्टीत सी, डी, ई असे चौकोन शेजारी शेजारी असतील, तर ती एकच डिस्क आहे. ‘डिस्क १’ अशी दुसरी पट्टी असेल तर साधारणपणे ती दुसरी डिस्क. विंडोज ७ चा बॅकअपसुद्धा त्याच डिस्कवरचा ड्राइव्ह निवडला की इशारा द्यायचा. आपण तो न वाचता पुढे जायचो.

मित्राच्या डिस्कसाठी डेटा रिकव्हरीवाल्याने सांगितलेली रक्कम त्याला झेपणारी नव्हती. डीमध्ये ‘पत्रिका बॅकअप’ नावाचं फोल्डर होतं, वर्षवार नीट लावलेलं. त्यातलं काहीही निघालं नाही. ज्या पत्रिका त्याने छपाईसाठी प्रेसला मेल केल्या होत्या, तेवढ्या मेलच्या सेंट फोल्डरमधून परत मिळाल्या. बाकीच्या सगळ्या त्याने रात्री जागून पुन्हा टाइप केल्या.