चाळिशीनंतर चष्मा घालवायचाय: लेसिक की लेन्स बदलायची?

पंचेचाळिशीतला माणूस "लेझर करून टाकतो, चष्म्याची कटकटच नको" म्हणतो तेव्हा नेमकं कुठलं ऑपरेशन हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं बऱ्याचदा, कारण आपल्याकडे मोतीबिंदूसुद्धा सगळे "लेझरने काढला" सांगतात, आणि तो बहुतेक वेळा फेकोने म्हणजे अल्ट्रासाऊंडने काढलेला असतो.

लेसिकमध्ये लेझरने कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला, नवा आकार देतात, आतल्या लेन्सला हातच लागत नाही. आणि चाळिशी लागते ती नेमकी आतली लेन्स कडक झाल्यामुळे. म्हणजे दूरचा नंबर शून्य झाला तरी गोळ्यांच्या पाकिटावरची एक्सपायरी वाचायला चष्मा हवाच. मायनस दोनवाल्यांनी तर दहादा विचार करा, आत्ता चष्मा कपाळावर सरकवून अर्ध्या मीटरवरचा मोबाईल मस्त वाचता ना, ती सोयच जाते! यावर मोनोव्हिजन करतात, एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळच्यासाठी मुद्दाम सव्वा-दीड मायनस ठेवतात, काहींना ते लगेच जमतं, काहींना रात्री गाडी चालवताना वैताग येतो. म्हणून आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून ट्रायल मागाच. ट्रायलचं नावही न काढता थेट पॅकेज सांगत असतील तर सरळ उठून यावं, माझं तरी हेच मत.

लेन्स बदलणं म्हणजे मोतीबिंदूचंच ऑपरेशन, फक्त मोतीबिंदू नसताना. आपली लेन्स काढून कृत्रिम बसवतात, ट्रायफोकल घेतली तर दूरचं, कॉम्प्युटर आणि जवळचं बरंचसं बिनचष्म्याचं दिसतं, शिवाय पुढे मोतीबिंदूची भानगड नाही. पण रात्री समोरच्या हेडलाइटभोवती वलयं दिसू शकतात, आणि मोठा मायनस नंबर असेल तर डोळ्यातला मागचा पडदा (रेटिना) सुटायची रिस्क वाढते, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बेचाळिसाव्या वर्षी स्वतःची लेन्स थोडीफार काम करत असताना ती काढून टाकणं मला तरी घाईचं वाटतं. पंचावन्नच्या पुढे, प्लस नंबर, लेन्स धुरकट व्हायला लागलेली, तिथे मात्र लेसिकवर पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही.

डोळे आधीच कोरडे पडत असतील तर लेसिकआधी तेही तपासून घ्या, चाळिशीनंतर बायकांना हा त्रास जास्त होतो. आणि लेसिक केलंच तर आधीचा नंबर आणि कॉर्नियाचे रिपोर्ट जपून ठेवा, पुढे मोतीबिंदूच्या वेळी लेन्सची पॉवर काढताना डॉक्टर तेच मागतात.