आयुमि हामासाकीचं दुसरं पदार्पण : पार्श्वभूमी

जपानी पॉप गायिका आयुमि हामासाकीची कारकीर्द मोजायची ती ८ एप्रिल १९९८ पासून, असा रिवाज आहे. वर्धापनदिन त्या तारखेला, गाण्यांचे संग्रहही तिथूनच सुरू. १ डिसेंबर १९९५ ला नुसत्या 'आयुमि' या नावाने निघालेली रॅपची छोटी सीडी या हिशेबात कुणी धरत नाही. फुकुओकाहून चौदाव्या वर्षी टोकियोत येणं, मॉडेलिंग, पडद्यावरच्या किरकोळ भूमिका आणि मग ही सीडी. ती खपाच्या यादीत कुठेच दिसली नाही, कंपनीने नाद सोडला, शाळाही सुटली.

पुढची गाठ पडली ती टोकियोच्या रोप्पोंगी भागातल्या एका मोठ्या डिस्कोत. हा डिस्को दुसऱ्या एका संगीत कंपनीचाच होता. तिथल्या निर्मात्याने गाणार का म्हणून विचारलं, तेव्हा आधी तिने नकार दिला. नंतर हो म्हणाली, पण शिकवणीला दांड्या मारू लागली. मग तिला तीन महिन्यांसाठी न्यूयॉर्कला पाठवलं. खरी कलाटणी मिळाली ती पत्रांमुळे. तिची पत्रं वाचून निर्मात्याने सुचवलं, गाण्याचे शब्द तूच लिही.

आज हे साधं वाटतं. पण नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जपानमध्ये चाल, शब्द, पोशाख सगळं अनेकदा निर्मात्याकडून यायचं आणि गायिका त्याच्या नावावर खपायची. हामासाकीची शीर्षकं इंग्रजी असत, आतले शब्द मात्र जपानी : एकटेपणा, विश्वासघात, लहानपणीच मोठं व्हावं लागलेल्या मुलाची तक्रार. ८ एप्रिल १९९८ ला आलेलं 'पोकर फेस' हे या कंपनीतलं पहिलं गाणं विसाव्या क्रमांकावरच अडकलं. पण १ जानेवारी १९९९ ला आलेला पहिला अल्बम थेट अव्वल ठरला. जपानमध्ये सीडी सर्वाधिक खपल्या त्या १९९८ च्या आसपास, तेव्हा वेळही बरी साधली होती.

वाद आहे तो २००१ च्या निर्णयाचा. पदार्पणाला धड तीन वर्षंही झाली नव्हती, अल्बम तीनच झाले होते, आणि कंपनीने 'ए बेस्ट' हा निवडक गाण्यांचा संग्रह काढायचं ठरवलं. तारीख २८ मार्च, म्हणजे नेमकी दुसरी लोकप्रिय गायिका उताडा हिकारू हिच्या नव्या अल्बमची. एवढ्या लवकर 'निवडक' कशाला, हा हामासाकीचा आक्षेप होता. तो मानला गेला नाही. तिने तीन जुनी गाणी नव्याने गायली, आणि आवरणावर तिचा डोळ्यांत पाणी आलेला चेहरा छापला गेला. ते अश्रू नाराजीचे, असंच चाहते मानतात. पहिल्या आठवड्यात उताडाच्या सुमारे ३० लाख प्रती गेल्या, हामासाकीच्या २८ लाख ७० हजारांच्या घरात. पुढे हा संग्रह ४० लाखांच्या वर पोहोचला. कंपनीचा हिशेब चुकला असं कोण म्हणेल? पण गल्ला भरला म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. या गायिकेची सगळी ओळख 'स्वतःचे शब्द' या एका गोष्टीवर उभी होती, आणि तिच्याच गाण्यांचं काय करायचं याबाबत तिचं ऐकलं गेलं नाही. त्याच्या काही महिने आधीच ती 'क्रेया' या नावाने, म्हणजे आपल्या कुत्र्याच्या नावाने, चालीही बांधू लागली होती, हे इथे विसरलं जातं.

यानंतर पारडं तिच्याकडे झुकत गेलं. २००१ ते २००३ अशी सलग तीन वर्षं देशातला सर्वांत मानाचा वार्षिक संगीत पुरस्कार तिला मिळाला. त्यातलं पहिलं गाणं 'डिअरेस्ट'. 'इनुयाशा' ही जपानी कार्टून मालिका बघणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको. २००४ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळातल्या भांडणातून तो निर्माता बाहेर पडला. आपणही जाऊ, असे संकेत तिने दिले, शेअर गडगडला, आणि तो थोड्याच काळात परतला.

२०१९ मध्ये या दोघांच्या प्रेमसंबंधावर एक पुस्तक आलं : सत्यावर आधारित, पण कादंबरी. त्यात खरं किती आणि रचलेलं किती, हे कुणी वेगळं करून सांगितलं नाही. २०२० मध्ये त्यावर भडक मालिकाही निघाली. पत्रांची गोष्ट आता बऱ्याच नव्या श्रोत्यांना या प्रेमकथेतूनच कळते, आणि त्यात निर्माता घडवणारा, ती घडवली गेलेली. जिच्या लेखणीमुळे हे सगळं घडलं, तिच्या वाट्याला यात फारच थोडं श्रेय येतं.