परदेशातल्या गरजू मुलांना ऑनलाइन शिकवायचंय? गोव्यातून अर्ज करताना काय काय लागतं

नेपाळ, केनिया किंवा मोझांबिकमधल्या मुलांना घरबसल्या शिकवायला व्हिसा लागत नाही, आणि स्वयंसेवकाकडे बी.एड. असावं अशी अटही सहसा नसते. अर्ज अडतो तो वेळेच्या रकान्यात आणि नावाच्या स्पेलिंगमध्ये. म्हणून आधी तेच नीट करून घ्या.

वयाची अट बहुतेक ठिकाणी 18 वर्षं पूर्ण अशी असते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातही हीच अट आहे. तिथलं ऑनलाइन काम आठवड्याला जास्तीत जास्त 20 तासांचं आणि 12 आठवड्यांपर्यंतचं असतं. मानधन नाही, अर्जाला शुल्कही नाही. पोर्टलवर प्रोफाइल एकदाच भरायचं, पण प्रत्येक कामासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. नुसतं प्रोफाइल भरून वाट बघत बसू नका. तिथे थेट वर्ग घेण्याइतकीच धडे तयार करण्याची आणि भाषांतराचीही कामं निघतात, तीही मुलांच्याच उपयोगाची. अकरावी-बारावीतल्या मुलांनी शाळेमार्फत किंवा पालकांच्या लेखी संमतीने 18 खालच्यांना घेणाऱ्या संस्थांकडे जावं. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालची व्यक्ती बालकच धरली जाते.

आता वेळ. 'संध्याकाळी मोकळा' असं लिहून भागत नाही, भारतीय वेळ आणि तिथली वेळ दोन्ही लिहा. केनियात दुपारी 4 वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेसहा, मोझांबिकमध्ये 4 तेव्हा साडेसात. पणजी-मडगावचं कॉलेज करून घरी पोचणाऱ्याला हे जमतं. नेपाळ आपल्यापेक्षा फक्त 15 मिनिटं पुढे, म्हणजे तिथले दुपारचे 4 आपले पावणेचार. तिथे शनिवारी सुटी असते. तिमोर लेस्तेत 4 वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा, म्हणजे कॉलेजवाल्यांसाठी सुटीचाच दिवस उरतो. ग्रीससारख्या युरोपीय देशात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासाने सरकतं. ते लक्षात राहिलं नाही तर मुलं तासभर स्क्रीनसमोर बसून राहतात.

चवथीचे दिवस, सेमिस्टरच्या परीक्षा आणि गावची जत्रा यांच्या तारखा अर्जातच कळवा. आठवड्याला दोनच तास द्या, पण ते न चुकवता द्या. ज्या मुलाच्या घरी एकच फोन आहे आणि तो भावंडांत वाटून घ्यायचा आहे, त्याच्यासाठी रद्द झालेला वर्ग म्हणजे आठवडाच वाया.

कागदपत्रांत फोटो ओळखपत्र, शेवटची गुणपत्रिका, दोन शिफारसपत्रं आणि चारित्र्य प्रमाणपत्र लागतं. ओळखीसाठी पासपोर्ट उत्तम. आधार द्यायचंच असेल तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड करा. गोव्यातल्या आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं जन्मदाखल्यावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी अशी सर्रास आढळतात. नाईक, गावकर, प्रभू यांनी तर तपासूनच घ्यावं. फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून जोडा. चारित्र्य प्रमाणपत्र पोलिसांकडून घ्यायचं. परदेशी जाण्यासाठी पासपोर्ट कार्यालय जे पोलीस क्लिअरन्स देतं ते वेगळं. संस्थेने नेमकं कोणतं मागितलंय ते ईमेलवर विचारून घ्या. शिफारसपत्र नातेवाइकाचं चालत नाही. ते कॉलेजच्या लेटरहेडवर आणि शिक्षकांच्या अधिकृत ईमेलवरून गेलं तर पडताळणी लवकर होते.

शाळेत किंवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकला असाल तर ते ठळक लिहा. मोझांबिक आणि तिमोर लेस्तेत ती राजभाषा आहे, आणि भारतातून अशी शिकवणारी माणसं फार थोडी मिळतात.

मुलाखतीत दहा-पंधरा मिनिटांचा नमुना धडा घ्यायला सांगतात. एकच गोष्ट शिकवा, उदाहरणार्थ अपूर्णांकातला अर्धा आणि पाव, आणि दर दोन मिनिटांनी मुलांना काहीतरी करायला लावा. पीडीएफ एक एमबीच्या आत ठेवा. इंटरनेटचा अपलोड वेग तपासा, डाउनलोड कितीही असला तरी आवाज तुटतो तो अपलोडमुळे. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावलेला असेल तर वर्ग चालू राहतो. मात्र लावण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर 12 व्होल्टच लिहिलंय ना, ते पाहा. सत्तरी-सांगेत नेटवर्क डळमळीत असेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम हाताशी असू द्या.

बालसुरक्षेच्या नियमांवर सही घेतात, ती वाचल्याशिवाय करू नका. मुलांशी खासगी चॅट नाही, वर्गात संस्थेची दुसरी प्रौढ व्यक्ती हवी, मुलांचे स्क्रीनशॉट स्टेटसला टाकायचे नाहीत. जी संस्था हे नियम सांगतच नाही, तिच्याकडे शिकवू नये. नोंदणी फी, अनामत किंवा प्रमाणपत्राचे पैसे मागितले तर तिथेच थांबा.

प्रमाणपत्रावर एकूण तास, कालावधी आणि विषय छापलेला असावा, हे सुरुवातीलाच मागून ठेवा. कॉलेजला क्रेडिटसाठी ते चालेल का, हेही वर्ग सुरू होण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. मध्येच सोडावं लागलं तर किमान दोन आठवडे आधी कळवा आणि कुठवर शिकवून झालंय त्याची टिपणं पुढच्या स्वयंसेवकाला द्या.