किशोर व तरुणांमधील मेथसेवनाचा प्रतिबंध

मेथाम्फेटामाइन (बोलीभाषेत मेथ, आईस, क्रिस्टल) या उत्तेजक अंमली पदार्थाला मुलांनी हातच लावू नये, यासाठी घर, शाळा, कायदा आणि आरोग्ययंत्रणा यांनी करावयाचे प्रयत्न. या विषयात अमेरिकेचा अनुभव सर्वांत बोधप्रद आहे. तिथे मोंटाना आणि आयोवा या दोन ग्रामीण राज्यांत दोन अगदी वेगळे मार्ग अवलंबले गेले आणि दोन्हींची काटेकोर तपासणीही झाली.

जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८९३ मध्ये इफेड्रिन या औषधी द्रव्यापासून हा पदार्थ तयार केला. तो मेंदूत डोपामिन या सुखाची भावना देणाऱ्या रसायनाचा पूर आणतो. अंमल बारा तासांपर्यंत टिकू शकतो, झोप आणि भूक उडते. सेवन चालू राहिले की दात किडतात, भास होतात, जवळच्या माणसांवरही विनाकारण संशय येऊ लागतो. मेंदूची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते, त्यामुळे कोवळ्या वयातली सवय अधिक खोल रुजते. सगळेच मौजेपोटी सुरुवात करत नाहीत. कुणाला रात्रपाळीत जागायचे असते, कुणाला परीक्षेसाठी, कुणाला वजन उतरवायचे असते. ओपिऑइडच्या (हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थांच्या) व्यसनावर मेथाडोनसारखी औषधे आहेत, तसे मेथच्या व्यसनावर मान्यताप्राप्त औषध नाही. म्हणूनच इथे प्रतिबंधाचे मोल जास्त.

मोंटानात २००५ मध्ये सॉफ्टवेअर उद्योजक थॉमस सीबेल यांनी ‘मोंटाना मेथ प्रोजेक्ट’ सुरू केला. ‘एकदाही नाही’ हे त्याचे घोषवाक्य. दूरचित्रवाणी, रेडिओ, रस्त्यावरचे फलक अशा सगळीकडे त्याच्या अंगावर काटा आणणाऱ्या जाहिराती झळकल्या. एका जाहिरातीत शॉवरखाली उभ्या मुलीला पायाशी रक्त वाहताना दिसते. वळून पाहते तर मेथने पोखरलेली ती स्वतःच तिथे बसलेली असते. राज्यातील शाळकरी मुलांत कधी ना कधी मेथ घेतलेल्यांचे प्रमाण २००५ मधील ८.३ टक्क्यांवरून २००९ मध्ये ३.१ टक्क्यांवर आले आणि मोहिमेचा गाजावाजा झाला. इतर राज्यांनीही ती उचलली.

पण हे प्रमाण मोहिमेच्या आधीपासूनच उतरत होते, आणि देशभर उतरत होते. अमेरिकेतील माध्यमिक शाळांत ते १९९९ मध्ये ९.१ टक्के होते, २०१९ मध्ये २.१ टक्के. अर्थतज्ज्ञ डी. मार्क अँडरसन यांनी ही आधीची उतरण हिशेबात धरली तेव्हा मोहिमेचा वेगळा असा परिणाम उरला नाही (२०१०). त्याआधी २००८ मध्ये डेव्हिड अर्सेग-हर्न यांनी मोहिमेचीच सर्वेक्षणे तपासून दाखवले होते की, जाहिराती पाहिल्यानंतर मेथमध्ये फारसा धोका नाही असे म्हणणारी मुले उलट वाढली होती. ज्या मुलाने मेथ घेणारा मित्र धडधाकट फिरताना पाहिला आहे, त्याचा पडद्यावरच्या भीषण चेहऱ्यावर विश्वास बसत नाही, असे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे.

आयोवाचे काम कुणाच्या डोळ्यांत भरले नाही, पण त्याला आधार भक्कम आहे. आयोवा राज्य विद्यापीठाच्या रिचर्ड स्पोथ आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहावीतल्या मुलांच्या कुटुंबांसाठी एक कार्यक्रम राबवला. आठवड्यातून एक संध्याकाळ, असे सात आठवडे. पहिला तास पालक एका खोलीत आणि मुले दुसऱ्या. पुढचा तास सगळे एकत्र. पालक शिकतात की नियम आधी सांगावा, मोडला तर ठरलेली छोटी शिक्षा द्यावी, आणि हे आवाज न चढवता करावे. मुले शिकतात ते मित्राला नकार देणे, पण मैत्री न तोडता: आधी प्रश्न विचारायचा, यातून काय लफडे होईल ते सांगायचे, दुसरे काहीतरी सुचवायचे, आणि तरीही ऐकले नाही तर ‘विचार बदलला तर ये’ म्हणून निघून यायचे. हे सगळे करून पाहायचे असते, नुसते ऐकायचे नसते.

हा कार्यक्रम मेथसाठी आखलेलाच नव्हता. तरीही साडेसहा वर्षांनी, बारावीत, त्यातल्या एकाही मुलाने मागील वर्षभरात मेथ घेतल्याचे सांगितले नाही. कार्यक्रम न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३.२ टक्के होते (२००६ चा अहवाल). नमुना काही शे मुलांचा होता, त्यामुळे आकडा जपूनच वाचायला हवा. पण दिशा स्पष्ट आहे: मेथचे नाव कानावर पडण्याआधी, अकरा-बाराव्या वर्षी, घरातल्या बोलण्यावर मेहनत घेतली तर ती पुढे कामी येते. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिबंधविषयक मानकांतही (२०१३, सुधारित २०१८) पालकत्वाचे प्रशिक्षण आणि जीवनकौशल्ये यांना वरचे स्थान आहे; निव्वळ भीती दाखवणे आणि माजी व्यसनींची एखादी सभा यांचा उपयोग होत नाही, असे त्यांत नोंदवले आहे. आपल्याकडे दरवर्षी २६ जूनला, अंमली पदार्थविरोधी दिनी, निघणाऱ्या प्रभातफेऱ्या आणि घोषणा या निकषावर तोकड्या पडतात, हे मान्य करायला हवे.

पुरवठा रोखणे ही दुसरी बाजू. सर्दीच्या गोळ्यांतील स्यूडोइफेड्रिनपासून घरोघरी मेथ बनू लागल्यावर अमेरिकेने २००६ मध्ये त्या गोळ्यांची विक्री काउंटरमागे नेली आणि नोंदवहीत सही सक्तीची केली. घरगुती भट्ट्या घटल्या, पण मेक्सिकोतील टोळ्यांनी वेगळ्या रसायनांपासून अधिक शुद्ध आणि स्वस्त माल आणला. महाराष्ट्राचा या साखळीशी संबंध आला तो कच्च्या मालातून: २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या कारखान्यातून अनेक टन इफेड्रिन जप्त केले. मुंबई-पुण्यात ‘एमडी’ म्हणून विकले जाते ते मेफेड्रोन. ते मेथ नव्हे, पण तेही उत्तेजकच, आणि २०१५ पासून अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. मेथच्या गोळ्या भारतात प्रामुख्याने म्यानमारच्या सीमेवरून, मणिपूर आणि मिझोराममार्गे येतात.

ज्यांनी सुरुवात केली आहे, त्यांच्यासाठी लवकर समुपदेशन आणि नशामुक्त राहिल्याबद्दल लहान बक्षिसे देण्याची उपचारपद्धती आजवर सर्वांत परिणामकारक ठरली आहे. भारतात १४४४६ या राष्ट्रीय मदतक्रमांकावर पालक आणि मुले दोघांनाही मोफत सल्ला मिळतो.