गाडी अजून लांब आहे, असं का वाटतं?

२४ जुलै २०१४. तेलंगणातल्या मेदक जिल्ह्यात मासाईपेट गावाजवळ रेल्वेचं एक मानवरहित फाटक होतं. दांडा नाही, गेटमन नाही, रूळ ओलांडून जाणारा नुसता रस्ता. सकाळी नांदेडहून सिकंदराबादकडे निघालेली पॅसेंजर आणि मुलांना शाळेत नेणारी बस एकाच वेळी तिथे पोहोचल्या. डझनाहून जास्त मुलं गेली.

अशा अपघातानंतर बोट ड्रायव्हरकडे जातं. बेफिकिरी असतेही. पण नीट बघणारा माणूससुद्धा फाटकावर फसू शकतो, कारण समोरून येणाऱ्या गाडीचा वेग ओळखणं आपल्या डोळ्यांना फारसं जमत नाही.

ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी धरू. इंजिनाची रुंदी साधारण तीन मीटर. एक किलोमीटरवरून ते पौर्णिमेच्या चंद्राच्या एक तृतीयांश रुंदीचं दिसतं. ते दुप्पट दिसायला गाडीने अर्धं अंतर कापावं लागतं, म्हणजे १८ सेकंद जातात. पुढची दुप्पट ९ सेकंदांत, त्यापुढची साडेचार सेकंदांत. बहुतेक वेळ ठिपका जागच्या जागी असल्यासारखा वाटतो आणि अगदी शेवटी एकदम अंगावर येतो. त्यात रुळांजवळून पाहताना गाडी डावी-उजवीकडे सरकत नाही, जवळजवळ सरळ आपल्याच दिशेने येते. रस्त्यावर आडव्या जाणाऱ्या मोटारीचा वेग आपण मागच्या झाडा-घरांवरून ओळखतो. इथे ती सोय नाही.

वर आकाराचा चकवा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्शेल लिबोविट्झ यांनी १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांचा विचार करताना मांडलं, की मोठी वस्तू तिच्या खऱ्या वेगापेक्षा हळू जाताना भासते. विमानतळावर उतरणारं जम्बो जेट तरंगत आल्यासारखं वाटतं आणि छोटं विमान भुर्रकन गेल्यासारखं, हा तोच प्रकार. पुढे न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत पडद्यावर रेल्वे आणि मोटार दाखवून हे तपासलं, तेव्हाही लोकांना रेल्वेच संथ वाटली.

आता बसचा हिशेब. रुळांपासून पाच-सहा मीटरवर थांबलेली बस पहिल्या गियरमध्ये निघते. तिचं मागचं टोक सुरक्षित पलीकडे जाईपर्यंत वीसेक मीटर कापावे लागतात. चढ नसेल, इंजिन बंद पडलं नाही, तर सहा-सात सेकंद. तेवढ्यात ताशी शंभरची ती रेल्वे जवळजवळ दोनशे मीटर पुढे आलेली असते. म्हणजे थोडी सवड धरून निर्णय घ्यायचा तो रेल्वे अडीचशे मीटरच्याही पलीकडे असताना. आणि अडीचशे मीटरवर ते इंजिन अजून सव्वा-दीड चंद्रांएवढंच दिसतं!

लोको पायलटच्या हातात हॉर्न आणि ब्रेक एवढंच. पोलादी चाक पोलादी रुळावर कमी घर्षणात फिरतं, म्हणून तर रेल्वे इतकं वजन इतक्या स्वस्तात ओढते. पण थांबताना तेच घर्षण कमी पडतं. शंभरच्या वेगावरून पूर्ण थांबायला पाऊण ते एक किलोमीटर लागू शकतो. बस रुळांवर दिसते तेव्हा बहुधा तेवढी जागा उरलेली नसते. गाडी ६०० टनांची आणि भरलेली बस १० टनांची धरली, तर धडकेनंतर गाडीचा वेग जेमतेम दोन टक्क्यांनी घटतो. बसचा मात्र क्षणार्धात शून्यावरून नव्वदच्या वर जातो. आतल्या शरीरांचं जे होतं ते या धक्क्यामुळे होतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ या बाबतीत शहाणं आहे. फाटकावर राखण नसेल तर वाहन थांबवायचं, कंडक्टरने किंवा क्लीनरने उतरून रुळांपर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंना पाहायचं आणि मग वाहन पार करून द्यायचं. बरोबर कुणी नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरायचं. हे पाळताना मी कुणाला पाहिलेलं नाही. पाळलं तरी अंदाज शेवटी डोळ्यांचाच.

ब्रॉडगेज मार्गांवरची मानवरहित फाटकं रेल्वेने जानेवारी २०१९ पर्यंत संपवली. काही बंद केली, काहींखाली बोगदे काढले, काहींवर गेटमन बसवले. पण गेटमन असणं आणि फाटक सिग्नलशी जोडलेलं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जोडलेल्या, म्हणजे इंटरलॉक केलेल्या फाटकाला कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही. न जोडलेल्या फाटकावर स्टेशन मास्तर फोन करतो, गेटमन फाटक लावून त्याला फाटक लागल्याची खूण म्हणून एक खाजगी क्रमांक सांगतो आणि त्या भरवशावर गाडी सुटते. तमिळनाडूत कडलूरजवळ ८ जुलै २०२५ रोजी शाळेची व्हॅन रेल्वेखाली सापडून तीन मुलं दगावली, ते फाटक याच दुसऱ्या प्रकारचं होतं.

त्यानंतर रेल्वेने इंटरलॉकिंगची अट सैल केली. दिवसाला जाणाऱ्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, हा आकडा पूर्वी २० हजार लागायचा, तो १० हजारांवर आणला. दिवसाला १५ गाड्या आणि ५०० वाहनं असलेल्या गावच्या फाटकाचा आकडा भरतो साडेसात हजार. या अटीने पाहिलं तर तिथे अजून फोनच.