दंतरोपण

दंतरोपण : पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या मुळाऐवजी जबड्याच्या हाडात धातूचा (बहुधा टायटॅनियमचा) अथवा सिरॅमिकचा स्क्रू बसवून त्यावर दात उभा करण्याची शस्त्रक्रिया. त्या स्क्रूलाही दंतरोपण किंवा नुसते ‘इम्प्लांट’ म्हणतात. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, रुग्णांच्या तोंडी ‘स्क्रूचा दात’ हा शब्द असतो. ‘फिक्स दात’ हाही शब्द चालतो. पण शेजारचे दात घासून बसविलेल्या ब्रिजलाही लोक तेच म्हणतात, त्यामुळे पूर्ववृत्त घेताना फसगत होते. ब्रिजचा भार शेजारच्या दातांवर पडतो, कवळी हिरडीवर टेकते. रोपण मात्र हाडात स्वतंत्र उभे असते.

त्याचे तीन भाग असतात : हाडातला स्क्रू, हिरडीतून वर येणारा जोडभाग म्हणजे अबटमेंट, आणि त्यावरची कॅप. स्क्रू बहुधा ३.५ ते ५ मिमी. जाड व ८ ते १३ मिमी. लांब असतो, म्हणजे भुईमुगाच्या दाण्याहूनही बारीक.

प्राचीनत्वाचा प्रश्न : रोपणाचा उगम किती मागे न्यावा याबद्दल एकमत नाही. इजिप्त व चीनमधील हजारो वर्षांपूर्वीच्या रोपणांचे दाखले लोकप्रिय लेखनात वारंवार येतात, पण त्यांचा पुराव्याचा आधार तोकडा आहे. त्या मानाने होंडुरासमधील प्लाया दे लोस मुएर्तोस येथे १९३१ मध्ये सापडलेला माया संस्कृतीतील खालचा जबडा अधिक भक्कम पुरावा मानला जातो. तो साधारणपणे इ. स. ६०० च्या सुमाराचा समजतात. पुढच्या दातांच्या खोबणींत शिंपल्याचे दाताच्या आकाराचे तीन तुकडे बसविलेले आहेत. अंत्यसंस्काराच्या वेळी मृताच्या तोंडात ते घातले असावेत, असा समज बराच काळ होता. १९७० मध्ये ब्राझीलचे दंतवैद्य अमादेओ बॉबियो यांनी क्ष-किरण चित्रे काढली, तेव्हा तुकड्यांभोवती नवे हाड धरल्याच्या खुणा दिसल्या. हाड जिवंत माणसातच वाढते, म्हणून हे तुकडे हयातीत बसविले असावेत, हा निष्कर्ष आज अधिक ग्राह्य वाटतो. मात्र तेवढ्यावरून माया लोकांत दंतरोपणाची प्रथा होती असे म्हणता येणार नाही. एक जबडा म्हणजे प्रथा नव्हे.

फ्रान्समधील शांताम्ब्र येथील रोमनकालीन दफनभूमीत, इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकातील एका पुरुषाच्या वरच्या जबड्यात लोखंडी दात आढळल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. हाड त्याला घट्ट धरून होते, असे शोधकांचे म्हणणे होते. हा दात मूळचाच असून जमिनीतील लोहाने त्याचे रूप पालटले असावे, असा आक्षेप लगेच पुढे आला. आक्षेपकांची बाजू अधिक सावध आहे आणि ती धरूनच या अवशेषाचा उल्लेख करणे बरे.

नोंदींवरून निश्चित सांगता येणारा इतिहास एकोणिसाव्या शतकापासून सुरू होतो. माज्जोलो यांनी १८०९ मध्ये सोन्याचे मूळ बसविण्याची रीत वर्णिली. जळगावच्या सोन्याची ख्याती मोठी असल्याने ‘स्क्रू सोन्याचाच का नको?’ असे इथले रुग्ण आजही विचारतात, म्हणून हा तपशील येथे दिला आहे. सोने मऊ असते आणि हाड त्याला धरत नाही. पुढे अमेरिकेत ग्रीनफील्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी इरिडियम-प्लॅटिनमच्या तारेची पोकळ जाळी वापरली. स्ट्रॉक बंधूंनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे स्क्रू बसविले, आणि १९६० च्या दशकात लिंको यांची पात्यासारखी रोपणे बरीच गाजली. यांपैकी बहुतेकांभोवती हाडाऐवजी तंतुमय पेशीजाल तयार होई. रोपण काही वर्षे चाले आणि मग हलू लागे.

टायटॅनियमचा मान कोणाचा? : रूढ उत्तर स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क (१९२९–२०१४) हे आहे. १९५२ च्या सुमारास लुंड येथे ते सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची दर्शक कुपी बसवून अस्थिमज्जेतील रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर कुपी निघेना. हाड तिला चिकटले होते. याला पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ हे नाव मिळाले. या नोंदीत त्यासाठी ‘अस्थिसंयोग’ हा शब्द वापरला आहे.

पण हाड टायटॅनियमला धरते हे त्याआधीही दिसले होते. बोथ, बीटन व डेव्हनपोर्ट यांनी १९४० मध्ये मांजरांवरील प्रयोगांत तशी नोंद केली होती. १९५१ मध्ये गॉटलिब लेव्हेन्थल यांनी उंदरांच्या मांडीच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू बसविले. सहा आठवड्यांनी ते थोडे अधिक घट्ट झाले, बारा आठवड्यांनी काढणे अवघड झाले, आणि सोळा आठवड्यांनी एका नमुन्यात स्क्रू फिरवताना हाडच मोडले. अस्थिसंयोगाचे इतके स्पष्ट वर्णन त्याआधीचे क्वचितच सापडेल. तेव्हा घटना प्रथम पाहिल्याचे श्रेय ब्रॉनेमार्क यांना देता येत नाही. तिचे मोल ओळखून, शस्त्रक्रियेची शिस्त घालून आणि रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून तिला उपचाराचे रूप देण्याचे श्रेय त्यांचेच. १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे त्यांनी यस्टा लार्सन या जन्मतः जबड्यात व्यंग असलेल्या गृहस्थांच्या खालच्या जबड्यात चार रोपणे बसविली. २००६ मध्ये लार्सन वारले तोवर, चाळीस वर्षांहून अधिक काळ, ती कामात होती. दहा वर्षांच्या अनुभवाचा वृत्तान्त १९७७ मध्ये आला आणि १९८२ च्या टोरंटो परिषदेनंतर ही पद्धत जगभर मान्य झाली. स्वित्झर्लंडमध्ये आंद्रे श्रोडर १९७० च्या दशकात स्वतंत्रपणे याच निष्कर्षास पोचले होते. त्यांचे नाव मराठी लेखनात सहसा येत नाही, ते यायला हवे.

द्रव्ये : टायटॅनियम हवेत येताच त्याच्या पृष्ठावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो. ओरखडा पडला तरी तो तत्काळ पुन्हा भरतो. हाडाच्या पेशींचा संबंध येतो तो या थराशी, उघड्या धातूशी नव्हे. टायटॅनियम गंजत नाही आणि हाडाला धरवते, या दोन्ही गोष्टी या थरामुळे घडतात. शिवाय त्याची ताठरता सुमारे ११० गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या निम्मी. हाडापेक्षा ती कितीतरी जास्त असली तरी रोपणयोग्य धातूंत त्यातल्या त्यात हाडाच्या जवळची.

व्यापारी शुद्ध टायटॅनियमच्या चार प्रती (ग्रेड) आहेत. त्यांतील फरक मुख्यतः ऑक्सिजनच्या प्रमाणाचा : पहिल्या प्रतीत ०.१८ टक्क्यांपर्यंत, चौथीत ०.४० टक्क्यांपर्यंत. ऑक्सिजन वाढला की धातू कणखर होतो, म्हणून रोपणासाठी चौथी प्रत जास्त वापरतात. ‘पाचवी प्रत’ हा शुद्ध धातू नसून ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू आहे. तो बराच मजबूत असतो. रुग्णाला ‘पाचवा ग्रेड म्हणजे चौथ्यापेक्षा वरचा’ असे सांगितले जाते, ते या अर्थाने दिशाभूल करणारे आहे. दोन्ही चालतात. टायटॅनियम-झिर्कोनियमचा मिश्रधातू अरुंद हाडातील बारीक रोपणांसाठी उपयोगी पडतो.

झिर्कोनिया हे पांढरे सिरॅमिक असून ते यिट्रियम ऑक्साइड मिसळून स्थिर केलेले असते. हिरडी पातळ असेल तर त्यातून धातूची करडी छटा दिसते, ती यात दिसत नाही. ते ठिसूळ असते आणि ओलाव्यात काळाच्या ओघात त्याची स्फटिकरचना बदलू शकते. त्याचा दीर्घ मुदतीचा अनुभव टायटॅनियमच्या तुलनेत थोडा आहे.

पृष्ठभागाचे महत्त्व धातूइतकेच आहे. ब्रॉनेमार्क यांचे स्क्रू लेथवर कापलेले, गुळगुळीत होते. आज वाळूसारख्या कणांचा मारा करून व आम्लाने कोरून पृष्ठ मुद्दाम खरबरीत करतात. एक ते दोन मायक्रॉनचा खरबरीतपणा हाडाला सर्वांत मानवतो. त्यामुळे जोड लवकर होतो. पण तेच खरबरीत पृष्ठ हाड झिजल्यावर उघडे पडले, तर त्यावर जिवाणूंचा थर साचतो आणि तो साफ करणे फार कठीण जाते.

शस्त्रक्रिया : हाडाची खोली व रुंदी सीबीसीटी या त्रिमितीय चित्रणावरून मोजतात. छिद्र पाडताना ड्रिलवर गार सलाइनची धार धरावी लागते, कारण हाडाचे तापमान एक मिनिट ४७ अंश सेल्सिअसपर्यंत गेले तरी त्याला इजा होते, हे १९८३ मध्ये दाखविले गेले. मूळ पद्धतीत खालच्या जबड्यास तीन व वरच्यास सहा महिने विश्रांती देत. आता हा काळ अनेकदा कमी करता येतो. जबड्याच्या भागागणिक हाड वेगळे असते. तापीकाठच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही : मुरमात ठोकलेला खुंटा आणि काळ्या भुसभुशीत मातीतला खुंटा यांत जो फरक, तोच खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात आणि वरच्या दाढांच्या जागेत. वर त्यातच कपाळपोकळीच्या जातीची, वरच्या जबड्याच्या हाडातील पोकळी जवळ असते, आणि हाड कमी पडल्यास ते वाढवून घ्यावे लागते.

टिकाऊपणा : ‘डाक्टरसाहेब, हाऊ दात कितला वरीस टिकी?’ हा प्रश्न धुळ्या-शिरपूरकडच्या दवाखान्यांत सर्वांत आधी येतो. त्याचे उत्तर एका आकड्यात देणे चुकीचे आहे. रोपण तोंडात असणे आणि ते यशस्वी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८६ मध्ये अल्ब्रेक्ट्सन व सहकाऱ्यांनी घातलेल्या कसोटीनुसार रोपण हलता कामा नये, दुखता कामा नये, आणि पहिल्या वर्षानंतर भोवतीचे हाड वर्षाला ०.२ मिमी. पेक्षा जास्त झिजता कामा नये. अनेक अभ्यास एकत्र पाहता दहा वर्षांनी सुमारे ९५ टक्के रोपणे तोंडात असतात. वीस वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेले अभ्यास थोडे असून, गळालेल्या रुग्णांचा हिशेब धरला तर हे प्रमाण पाचांत चारच्या आसपास येते. वरच्या कॅपचे आयुष्य मात्र वेगळे : ती दहा-पंधरा वर्षांत बदलावी लागू शकते, आणि त्याला रोपण निकामी होणे म्हणत नाहीत.

धातू झिजून रोपण गेले असे जवळजवळ घडत नाही. स्क्रू मोडणेही विरळाच. जाते ते भोवतीचे हाड. हिरडीची सूज आधी वरवर असते, पुढे ती हाडात उतरते. या दुसऱ्या अवस्थेस पेरि-इम्प्लांटायटिस म्हणतात. २०१५ च्या एका आढाव्यात पहिली अवस्था सुमारे ४३ टक्के व दुसरी सुमारे २२ टक्के रुग्णांत आढळली, अर्थात व्याख्येनुसार हे आकडे खालीवर होतात. ही सूज फारशी दुखत नाही. ब्रश करताना येणारे रक्त हीच बहुधा पहिली खूण असते, आणि नेमकी तीच दुर्लक्षिली जाते.

नैसर्गिक दात व हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिमी. जाडीचा तंतूंचा पडदा असतो, तो रोपणाला नाही. भाकरीच्या पिठात खळ्यावरचा खडा आला की दात तत्क्षणी सांगतो आणि जबडा आपोआप थांबतो. दोन दातांमधली सुमारे २० मायक्रॉनची वस्तू नैसर्गिक दाताला कळते. रोपणाला ती कळायला सुमारे ५० मायक्रॉन लागतात. म्हणून कॅपची उंची किंचित जास्त राहिली तरी रुग्णाला ती जाणवत नाही आणि भार मुकाट्याने हाडावर जात राहतो. रात्री दात खाणाऱ्यांच्या बाबतीत हे विशेष जपावे लागते.

खानदेशातील स्थिती : धुळे येथे अण्णासाहेब चुडामण पाटील स्मृती दंत महाविद्यालय आहे; खासगी दवाखाने तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले आहेत. गुंतागुंतीच्या कामासाठी लोक नाशिक-पुण्यास आणि नंदुरबारकडून सुरतेस जातात.

इथे टिकाऊपणावर सर्वांत मोठा परिणाम तंबाखूचा. धूम्रपान करणाऱ्यांत रोपण निकामी होण्याचा धोका साधारण दुप्पट असतो, असे एकत्रित अभ्यास दाखवतात. हे अभ्यास मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्यांवरचे आहेत. चुना लावून गालात धरलेली तंबाखू किंवा सकाळची मिसरी यांना तोच आकडा जसाच्या तसा लावू नये. तरी हिरडी मागे सरकलेली, जागोजाग चट्टे पडलेले तोंड ज्याने रोज पाहिले आहे, त्याला या वस्तू निरुपद्रवी म्हणवणार नाही. सुपारी व गुटख्याने (महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे) गालाची आतली त्वचा आखडते. तोंडात उभी तीन बोटे मावत नसतील तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल सरळ नेताच येत नाही. तिथे रोपणाचा विचार आधी बाजूला ठेवून आखडलेल्या तोंडाचा उपचार करावा लागतो. मधुमेह ताब्यात असल्यास रोपण करता येते. हाडांच्या ठिसूळपणावर बिसफॉस्फोनेट गटाचे औषध चालू असेल तर ते आधीच सांगणे अत्यावश्यक आहे. रोपण असताना एमआरआय करता येते. टायटॅनियम चुंबकाकडे ओढले जात नाही.

रोपणासोबत एक कार्ड मिळते. त्यावर बनावट (म्हणजे कोणत्या कंपनीचे), जाडी, लांबी, लॉट क्रमांक व तारीख असते. प्रस्तुत नोंदकाराकडे शिरपूर तालुक्यातून एक आजी आल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी दुसरीकडे बसविलेली दाढ हलत होती. क्ष-किरणात हाड उत्तम, स्क्रू घट्ट. सैल झाला होता तो आतला जोडस्क्रू, दोन मिनिटांत आवळण्याजोगा. पण प्रत्येक बनावटीच्या जोडस्क्रूची खाच वेगळी असते, आणि कागद एकही नव्हता. हाताशी होते तेवढे ड्रायव्हर लावून पाहिले, एकही बसला नाही. शेवटी चांगली कॅप कापून काढावी लागली, जोडस्क्रू हळूहळू उलटा फिरवून सोडवला, आणि नवी दाढ होईपर्यंत आजींनी महिनाभर एकाच बाजूने भाकरी खाल्ली. नव्या कार्डाची एक प्रत आता त्यांच्या रेशनकार्डाच्या पिशवीत आहे, दुसरी दवाखान्याच्या वहीत चिकटवलेली आहे.